ह्यो वाटो कोणाचो?

जून 1957. तुम्ही शेणाने सारवलेल्या जमिनीवर घोंगडी पांघरून झोपला आहात आणि छपरावर पाऊस असा कोसळतो आहे की शेजारच्या चुलत भावाचं घोरणंही ऐकू येत नाही. कुणीतरी तुमचा खांदा गदगदा हलवतं.

"ऊठ रे झिला, व्हाळ भरलो."

हा आजोबांचा आवाज. घरात सगळे त्यांना आजो म्हणतात, तुम्हीही म्हणा. तुम्हाला इथे बारा वर्षांच्या मुलाचं शरीर मिळालं आहे. तळवे टणक आहेत आणि गुडघ्यावर नुकतीच धरलेली खपली आहे. घर कर्ली नदीच्या काठी, कुडाळ आणि मालवणच्या मधल्या एका गावात आहे. जिल्हा रत्नागिरी, राज्य द्वैभाषिक मुंबई. सिंधुदुर्ग हे नाव अजून फक्त समुद्रातल्या किल्ल्याचं आहे, जिल्ह्याला ते मिळायला चोवीस वर्षं जायची आहेत. तेरेखोलच्या पलीकडे पोर्तुगीज आहेत. एप्रिलपासून नवे पैसे चालू झाले, पण बाजारात तोंडी अजून आणेच आहेत.

डोक्यावर इरलं घ्या. कमरेच्या आकडीला कोयता अडकवा. आजोच्या हातात कंदील आहे, थोरल्या काकाकडे मुंबईहून आलेली बॅटरी. बाहेर पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत पाणी, आणि ते गार नाही. दोन महिने तापलेल्या जमिनीची ऊब त्यात आहे. मिरग निघाला की पहिल्या मोठ्या पावसात नदीला लाल पाणी येतं, ते ओहोळांना भिडतं, आणि उन्हाळाभर डोहात दडून राहिलेला मासा उलटा, प्रवाहाच्या तोंडावर चढायला लागतो. त्याला भाताच्या कोपऱ्यांत पोचायचं आहे. तिथलं पाणी उथळ आणि संथ असतं, पिल्लांना खाऊन टाकणारे मोठे मासे तिथे कमी आणि खायला मुबलक. अंडी तिथे घालायची, आणि पुढे पाणी ओसरताना पिल्लं आपोआप नदीकडे उतरतात. गावात याला चढणीचे मासे म्हणतात. ही चढण दरवर्षी काही थोड्याच रात्री असते, म्हणून आज गावात कोणी झोपलेलं नाही. शेताच्या कडेकडेने दिवे हलताना दिसतात आणि ओळखीचे आवाज एकमेकांना हाका मारतात.

काका बॅटरी पाण्यावर धरतो. वीतभर पाण्यात काळ्या पाठी सळसळत वर येत आहेत. मळये, खवळे, मधूनच मिशाळ शेंगटी. कोयत्याची धार नाही, पाठ वापरायची. तुमचा पहिला घाव पाण्यावरच बसतो, दुसरा दगडावर. तिसऱ्याला मासा लागतो आणि तुम्ही ओरडता. चुलत भाऊ हसत तो उचलून टोपलीत टाकतो.

ओहोळ जिथे अरुंद होतो तिथे आजोने संध्याकाळीच बांबूच्या कामट्यांचा सापळा लावून ठेवला आहे. त्याचं तोंड रुंद, आत निमुळता गळा. मासा शिरतो आणि त्याला परत फिरता येत नाही. पण नीट पाहा: सापळ्याने ओहोळाची एकच बाजू धरली आहे. दुसऱ्या बाजूने पाणी मोकळं वाहतं, आणि त्या मोकळ्या पाण्यातून तुमच्या डोळ्यांदेखत कितीतरी मासे निसटून वर जात आहेत. तुम्ही दगड रचून ती बाजू बंद करायला वाकता. आजो तुमचं मनगट धरतो.

"सगळा धरूचा नाय. फुडल्या वर्साक काय खातलंस?"

तेव्हाची सगळी माणसं अशी शहाणी होती असं समजू नका. खालच्या वळणावर कुणीतरी अख्खा ओहोळ अडवला आहे आणि त्यावरून भांडण पेटलं आहे. शिव्या पावसातूनही ऐकू येतात. नियम होता म्हणून तो मोडणारेही होते. पण मोडणाऱ्याला मध्यरात्री चार घरांची माणसं जाऊन तोंडावर विचारत होती, हे तुम्ही आजच्या काळातून आलात म्हणून तुमच्या जास्त लक्षात येईल. आज त्याच ओहोळांत कुठे विजेची तार सोडतात, कुठे ब्लीचिंग पावडर टाकतात, आणि पांढऱ्या पोटांनी उलटं होऊन जे वर येतं त्यात अंगठ्याएवढी पिल्लंही असतात. विचारायला कोणी जात नाही.

घरी परतताना टोपली थेट चुलीकडे जात नाही. ज्याच्या कोपऱ्यात मासे मिळाले त्याच्या पडवीत पहिली ओंजळ. शेजारच्या म्हाताऱ्या काकूचा नवरा गेला, मुलगा मुंबईला. तिच्या दारात दुसरी. ती दार उघडत नाही, आतूनच विचारते, "गाबोळीचे आसत मां रे?" आहेत, बहुतेक सगळेच गाबोळीचे आहेत. पहाटे आई ओल्या लाकडांच्या धुराने डोळे पुसत कालवण करते: खोबऱ्याचं वाटप, आंबटाला सोलं, वर ठेचलेली चार तिरफळं. उकड्या तांदळाच्या भातावर ते वाढलं जातं आणि तुम्ही बोलणं विसरता.

पुढच्या काही रात्री कुर्ल्यांच्या. पाऊस उघडला की माडाच्या झावळ्यांच्या चुडी पेटवून कातळावर जायचं. उजेडात कुर्ली जागच्या जागी थिजते. "पाठसून धर. फुडसून धरलंस तर बोट तुटतला," भाऊ सांगतो, आणि बोट तुटत नसलं तरी दोन दिवस सुजून राहतं हे तुम्हाला लवकरच कळतं. पोटाखाली पिल्लं असलेली मादी सापडली तर ती परत बिळाशी ठेवायची. मग लावणी येते, आणि तरवा काढताना कंबर मोडलेल्या माणसांना शिकार आठवत नाही. श्रावणात निम्मं गाव मासे खात नाही. समुद्र बंदच आहे, मुंबईची बोटही बंद आहे. नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ जातो, गणपती येतात आणि जातात, भात पिवळं होतं, कापणी होते.

आता नोव्हेंबर. होडी कर्लीतून खाली निघाली आहे. होडीत उकड्या तांदळाचं एक पोतं, दोन सुरण, आणि तुम्ही. काकाचा एक गाबीत मासेमार मित्र देवबागला राहतो. जिथे कर्ली समुद्राला मिळते त्या चिंचोळ्या वाळूच्या पट्ट्यावर एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या, आणि मध्ये माडांत घरं. तुमचा तांदूळ त्यांच्याकडे, त्यांचे मासे तुमच्याकडे. ही देवाणघेवाण काकाच्या वडिलांपासून चालत आली आहे.

पहाटे किनाऱ्यावर जा. एक म्हातारा वाळूच्या उंचवट्यावर उभा राहून नुसता पाण्याकडे पाहतो आहे. त्याला तुमच्याशी बोलायला वेळ नाही. पाण्याचा रंग एका पट्ट्यात गडद होतो आहे का, वरचे पक्षी कुठे घिरट्या घालतात आणि कुठे सूर मारतात, हे तो वाचतो. अचानक त्याचा हात वर जातो आणि किनारा जागा होतो. एका टोकाची दोरी वाळूवरच्या माणसांच्या हातात ठेवून रापणीची होडी सुटते. वल्ही मारणारे मारतात, मागचे दोघं जाळं सोडत जातात. होडी थव्याच्या बाहेरून मोठा अर्धगोल काढते आणि दूरवर पुन्हा किनाऱ्याला लागते. आता दोन टोकं, दोन दोऱ्या आणि दोन रांगा.

तुम्ही एका रांगेत शिरा. कुणी हटकणार नाही. "जेचो दोरयेक हात, तेका वाटो," काकाचा मित्र सांगतो. दोरी काथ्याची आहे, ओली आणि खरखरीत. पहिल्या पंधरा मिनिटांत तळहाताची कातडी बोलायला लागते. मागे मागे चालत ओढायचं, शेवटाला पोचलात की पुढे पाण्याकडे धावत जाऊन पुन्हा दोरी पकडायची. तुमच्या पुढे एक बाई आहे, कासोटा घट्ट मारलेली. तिच्या पुढे एक म्हातारा, ज्याच्या ओढण्याने दोरीला काही फरक पडत असेल असं वाटत नाही. तो ओढतो आहे. दोन्ही रांगा ओढता ओढता एकमेकींकडे सरकत येतात. सूर्य वर येतो. उत्तरेला सिंधुदुर्गाचा तट दिसायला लागतो.

जाळं सुताचं आणि तागाचं आहे. ते खाऱ्या पाण्यात कुजतं, म्हणून झाडाच्या सालीच्या रसात उकळून त्याला तांबूस रंग चढवलेला असतो. नायलॉन इथे अजून पोचायचं आहे. जाळं बनवायला, विणायला, सुकवायला, सांधायला अनेक घरं लागतात, म्हणून रापण कधीच एकट्या माणसाची नसते. ही गोष्ट तुम्ही नीट पाहून ठेवावी यासाठीच तर मी तुम्हाला इथवर आणलं.

शेवटच्या काही हातांत पाणी उकळल्यासारखं होतं. बांगडे आणि तारल्या. हिरव्या-निळ्या पाठी आणि चंदेरी पोटं, एकावर एक, आणि त्यांचा एक बारीक चरचर आवाज. मध्ये एक पाकट फडफडते; तिच्या शेपटीच्या काट्यापासून लांब राहा. बायका पाट्या घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या आहेत, लिलावाची बोली सुरू झाली आहे, कुत्री आणि घारी आपापला हक्क सांगत आहेत. मग वाळूवर वाटे पडतात. जाळ्याचे वाटे, होडीचा वाटा, मग ओढणाऱ्यांचे. रांगेतल्या त्या म्हाताऱ्याला पुरा वाटा मिळतो. तुम्हाला अर्धा, कारण तुम्ही पोर आहात. कुणी याला दया म्हणत नाही. तो काल ओढत होता, परवा ओढत होता, वीस वर्षांपूर्वी होडीच्या पुढच्या वल्ह्यावर होता.

मासा जास्त पडला की शिरोड्याच्या मिठागरांतलं मीठ लावून खारवतात, उरलेल्या तारल्या माडांच्या बुंध्यात खत म्हणून जातात. तेव्हाही भाव पडतो आणि तेव्हाही नासाडी होते.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. साठच्या दशकापासून यांत्रिक बोटी वाढत गेल्या, मग तळ खरवडत जाणारे ट्रॉलर आले. सत्तरच्या दशकात गोव्यातले रापणकार याविरुद्ध रस्त्यावर उतरले. 1981 साली महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. पर्ससीन जाळी आली, ती थवा किनाऱ्याकडे वळण्याआधीच खोल पाण्यात घेरतात. 2016 साली राज्य सरकारला त्यांच्यावर निर्बंध घालावे लागले. आता रात्री एलईडीचा झगझगीत उजेड पाण्यात सोडून मासा गोळा करतात, बंदी असूनही. रापण मालवणच्या किनाऱ्यावर अजून ओढली जाते. पण किनाऱ्यावर उभं राहून वाट पाहणाऱ्याचं जाळं सगळ्यांत शेवटचं असतं. त्याआधी इतक्या जणांनी मासा गाठलेला असतो की वाळूवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला वाचायला पाण्यात काही उरत नाही. मला याचा राग येतो. किनाऱ्याने शंभर हातांना पोसणारी गोष्ट मोजक्या मालकांच्या हाती जाऊ दिली, आणि ती आपोआप गेली असं आपण बोलतो.

थंडीत आजी तुम्हाला खाडीवर नेते. मर्दानी शिकारीच्या गोष्टी सांगताना लोक हे विसरतात, पण घरातलं मासळीचं पातेलं वर्षभर भरलेलं ठेवणारी खरी शिकारी तीच आहे. तिच्याकडे ना घड्याळ आहे ना कॅलेंडर. "तिथीची पावणपट कर," ती म्हणते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा: सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. पण अष्टमीच्या भांगेला पाणी फार मागे हटत नाही. तिला हवी असते अमावास्या किंवा पौर्णिमा, उधाणाचे दिवस. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या पुढे. त्या वेळी खाडी आपला तळ उघडा करते. आजी आणि गावातल्या बायका चिखलात ओणव्या होऊन बोटांनी तिसऱ्या चाचपतात, खडकांवरची कालवं फोडतात. बोटं चिरतात, त्यावर खारं पाणी. आजी लहान तिसऱ्या परत चिखलात दाबते. सूर्य उगवेपर्यंत तिची टोपली भरते, तुमची तळ झाकण्यापुरती. तुमच्या बाबांची गिरणीतून येणारी मनिऑर्डर उशिरा आली त्या महिन्यात घराने काय खाल्लं, हे या टोपलीला विचारा.

मार्च 1958. बाबा मुंबईहून बोटीने मालवणला उतरले, पडावातून किनाऱ्याला लागले, आणि शिमग्याला घरी आले. अंगाला गिरणीच्या तेलाचा वास आहे, खोकला आहे, आणि तुमच्यासाठी टोपी आहे. गावात एकच विषय आहे: डुकरं. त्यांनी वायंगणी भाताचे दोन मळे एका रात्रीत लोळवले. पारध ठरली आहे.

गावात ठासणीच्या तीन बंदुका आहेत, शेतीच्या राखणीसाठी परवाना मिळालेल्या. 1951 सालापासून मुंबई राज्यात वन्य प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि शिकारीला परवाना लागतो. रानात तो किती जण विचारतात, हा वेगळा प्रश्न. आजो नळीत दारू ओततो, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासतो, मग गोळी, पुन्हा बोळा. एक बार चुकला तर दुसरा भरेपर्यंत डुक्कर डोंगर ओलांडतो.

सकाळी ग्रामदेवतेच्या देवळासमोर सगळे जमतात. गाऱ्हाणं व्हायचं आहे, पण काहीतरी अडलं आहे. ढोल नाही. दरवर्षी हाक्याला ढोल वाजवायला वरच्या वाडीतली माणसं येत. ते त्यांचं ठरलेलं काम होतं. रानात सगळ्यांत पुढे, डुकराच्या तोंडाशी तेच असत, आणि वाट्याला सगळ्यांत शेवटचा, आतड्यांचा ढीग येई. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, आणि त्यानंतर कोकणातल्या अनेक वाड्यांनी अशी गावकीची कामं सोडली. या वाडीनेही सोडली. आज तिथून एकच तरुण आला आहे. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मागे दोन कुत्रे. लोळलेल्या दोन मळ्यांपैकी एक तो कसतो.

"ढोल वाजवचंय नाय," तो सांगतो. आवाज चढलेला नाही. "हाक्याक येतंय. वाटो सारखो व्हयो."

कोणी बोलत नाही. मग सगळे एकदम बोलतात. मान, रीत, देव, असे शब्द उडतात. दोघं जण घरी निघून जातात. तुमचे बाबा जमिनीकडे पाहत उभे आहेत, आणि मला ते आवडत नाही, पण ते तसेच उभे आहेत. शेवटी आजो बंदुकीला टेकून म्हणतो की कुत्रे चांगले आहेत, ऊन चढतंय, आणि डुकराला रीत ठाऊक नाही. गावकार गाऱ्हाणं घालायला लागतो. रानात गेलेल्या माणसाला आणि कुत्र्याला सुखरूप परत आण, आणि प्रत्येक वाक्यामागे सगळे: "व्हय महाराजा!"

बंदूकवाले ओहोळाच्या वरच्या अंगाला, डुकरांच्या वाटा धरून बसले. तुम्ही हाकाऱ्यांत. पत्र्याचे डबे, काठ्या, आरोळ्या. करवंदीच्या जाळ्यांतून सरपटताना शर्ट फाटतो. आधी एक भेकर उडतं आणि रांग फोडून मागे निघून जातं. मग कुत्र्यांचा आवाज बदलतो. तरुणाचा कुत्रा काहीतरी अडवून उभा आहे. दाट जाळीतून काळा नर बाहेर येतो. त्याचे सुळे दिसायच्या आत कुत्रा बाजूला फेकला गेलेला असतो. डुक्कर तुमच्यापासून चार हातांवरून जातो. त्याच्या अंगाचा चिखलाचा, कुजलेल्या पानांचा उग्र वास नाकात शिरतो आणि पाय जमिनीत रुततात. वर बार होतो. क्षणभराने दुसरा.

या रानातल्या सगळ्या पारधी अशा डुकरांपुरत्या नव्हत्या. सांबरं मारली, गाभण भेकरं मारली, इवलीशी पिसोरी मारली, आणि मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या हौसेसाठीही मारली. 1972 साली देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हे थांबवण्याची ताकद कुणाकडे तरी आली, हे योग्यच झालं. शेतात रात्र जागवणाऱ्या माणसाचा प्रश्न मात्र त्या कायद्याने सोडवला नाही. तो आजही माचावर बसून डबे वाजवतो.

संध्याकाळ. देवळाबाहेरच्या सपाटीवर सागाची पानं अंथरली आहेत. डुक्कर भाजून, खरवडून, कापून झालं. तरुण आपल्या कुत्र्याच्या फाटलेल्या कुशीत हळद भरतो आहे. बाबा कंदील धरून त्याच्याशेजारी बसले आहेत. परळच्या चाळीबद्दल काहीतरी बोलणं चाललं आहे, तो तरुणही पावसाळ्यानंतर बदली कामगार म्हणून तिकडे जाणार आहे. देवाचा मान बाजूला निघाला. पहिला बार लागला त्या बंदुकीचा वाटा निघाला. उरलेलं काका ढिगांत मांडतो: मांस, हाड, चरबी, काळजाचा तुकडा, प्रत्येक पानावर सारखं. तो उभा राहून पाहतो, एका पानावरून एक तुकडा उचलून दुसऱ्यावर ठेवतो. आतड्यांचा वेगळा ढीग या वेळी मांडलेला नाही. कुणीतरी त्यावर काहीतरी पुटपुटतं, काका ऐकत नाही.

आता एक पोर लागतं. तुम्हाला बोलावतात. तुम्ही सगळ्या पानांकडे पाठ करून, देवळाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहता. मागे काका कुठल्यातरी एका पानावर काठी टेकवतो, कुठल्या ते तुम्हाला दिसत नाही. दिसू नये म्हणूनच ही रीत.

"ह्यो वाटो कोणाचो?"

"थोरल्या घराचो," तुम्ही म्हणता. पान उचलल्याची सळसळ.

"ह्यो कोणाचो?"

"काकूचो." ती रानात आली नव्हती, पण तिच्या मुलाची काठी आज तुमच्या हातात होती.

"ह्यो?"

"गावकाराचो."

"ह्यो?"

"कुत्र्यांचो." थोडं हसणं.

काठी पुन्हा टेकते. या वेळी काका विचारायला किंचित वेळ लावतो, आणि मागची कुजबुज थांबते.

"ह्यो वाटो कोणाचो?"

"वरच्या वाडीचो," तुम्ही म्हणता. तरुण उठून येतो, पान उचलतो, कुत्र्याला खांद्यावर घेतो. काका काठी पुढच्या पानावर नेतो आणि विचारतो, कारण अजून अकरा वाटे उरले आहेत.